पडद्यावर मांडलेली सुकेळी

लग्न होऊन मी वसईजवळच्या वटारला आले तेव्हा सुकेळी म्हणजे काय हे मला नीट माहीत नव्हतं. माझं माहेर तिथून फार लांब नव्हतं. नालासोपाऱ्याला स्टेशनजवळच्या एका इमारतीत आम्ही राहायचो. वडील मूळचे कोकणातले, नोकरी मुंबईत. आमच्याकडे केळी हातगाडीवरून डझनावर यायची आणि दोन दिवसांत संपायची. कुणी ती सोलून उन्हात वाळवतं, पानात बांधतं आणि महिनोन्‌महिने ठेवतं, हे मी सासरी आल्यावर पाहिलं.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. वटारला तेव्हा बहुतेक घरांना वाडी होती, आमचीही विहिरीपर्यंत पसरलेली. पाऊस ओसरून ऊन कडक पडायला लागलं की सासूबाईंचा हंगाम सुरू व्हायचा. त्यांना मी आई म्हणायचे. राजेळी केळीचे घड उतरवायचे, गवतात दडपून पिकवायचे, सोलायचे आणि विहिरीजवळच्या कंबरभर उंच बांबूच्या मांडवावर एकेक केळं सुटं मांडायचं. संध्याकाळी सगळी उचलून टोपलीत, वर केळीचं पान. सकाळी दव सुकलं की पुन्हा मांडवावर. असं आठवडाभर. केळं आक्रसत बारीक व्हायचं, रंग मधासारखा चढायचा आणि गोडी बाहेर येऊन बोटांना चिकटायची. मग वाळलेल्या पानात त्यांच्या जुड्या बांधायच्या. मांडवाभोवती दिवसभर गांधीलमाश्या घोंगावत असायच्या. आई सरळ त्यांच्यातून हात घालायच्या. मी मात्र पहिल्याच हिवाळ्यात मनगट सुजवून घेतलं, तेव्हा आईंनी त्यावर चुना लावला आणि म्हणाल्या, "आता ओळख झाली."

बराचसा माल आगाशीच्या बाजारातला एक दुकानदार घ्यायचा. उरलेल्या जुड्या आई स्वतः टोपलीत घेऊन बाजारात बसायच्या. समोर कुणी थांबलं की आधी त्याच्या हातावर एक तुकडा ठेवायचा. "खा, मग बोल," एवढंच. भावाची घासाघीस क्वचितच व्हायची. तुकडा खाल्लेला माणूस मुकाट्यानं पिशवी उघडायचा.

अशी वर्षं गेली. मुलं शाळेत जायला लागली. दोन हजार सालानंतर कधीतरी माझ्या नवऱ्याच्या ऑफिसनं जुने संगणक काढले, त्यातला एक आमच्या घरी आला. फोनच्या वायरीवरून इंटरनेट लागायचं आणि ते लागलं की फोन बंद. नणंद तक्रार करायची, "वहिनी, तुमच्याकडे दुपारभर कोण बोलत असतं?" कोणी बोलत नसायचं. मी एका साइटवर बसलेली असायचे. तिथं देशभरातली माणसं काहीबाही विकत होती. जुनी नाणी, कॅमेरे, पैठण्या, मोबाइल. राजस्थानातली एक बाई हातानं शिवलेल्या गोधड्या विकत होती. तिच्या गोधड्या मी रोज बघायचे. घ्यायच्या नव्हत्या, पण ती बाई घरी बसून कुठल्या कुठे पोचते याचं मला फार अप्रूप वाटायचं.

एका दुपारी मी आईंना संगणकासमोर बसवलं. "आपली सुकेळी इथं ठेवून बघू या?"

"कुठं?"

"या साइटवर. देशातलं कुणीही बघेल आणि मागवेल. आपण कुरियरनं पाठवायची. विकली गेली की ते लोक त्यांचा वाटा कापून घेतात."

आईंनी गोधड्या बघितल्या. "चव कशी द्यायची?"

"चव नाही देता येत. फोटो द्यायचा."

"फोटो बघून कोन खातं?" त्या म्हणाल्या आणि उठून मांडवाकडे गेल्या. नाही मात्र म्हणाल्या नाहीत.

नणंदेचा डिजिटल कॅमेरा आणला. सुकेळी फोटोत फार वाईट दिसली. ताटात ठेवली तर काळपट, पांढऱ्या कापडावर ठेवली तर त्याहून काळपट. शेवटी मी आईंना एक जुडी उघडून तळहातावर धरायला सांगितली. मागे मांडव, तिरपं ऊन, हातात हिरव्या बांगड्या आणि अंगठ्यावर कोयत्याची जुनी खूण. तो फोटो बघून नवरा म्हणाला, "हा हात बघून मीसुद्धा विकत घेईन." तोच आम्ही लावला.

पहिली मागणी हैदराबादहून आली. मी ती स्वयंपाकघरात जाऊन सांगितली तेव्हा आईंनी आधी विचारलं, "तो आपल्या इकडचा कोन?" कोणी नव्हता. कधीच सुकेळं न खाल्लेला एक माणूस होता. आईंनी त्याच्या जुडीत एक सुकेळं जास्तीचं घातलं. "हे चवीचं," म्हणाल्या. पुढे प्रत्येक पाकिटात तसं एक जायला लागलं. विरारच्या कुरियरवाल्याच्या काउंटरवर मी खोका ठेवला की आजूबाजूची माणसं वळून बघायची, इतका त्याचा वास यायचा.

त्या हिवाळ्यात थोड्याशाच मागण्या आल्या, पुढच्या हिवाळ्यात बऱ्याच. खरेदी करणारे लोक खाली दोन ओळी लिहायचे आणि मी त्या आईंना मराठीत करून सांगायचे. त्यांना स्तुतीपेक्षा गावाचं नाव ऐकण्यात रस असायचा. कोईमतूर, रायपूर, शिलाँग. मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा त्या मागून घ्यायच्या आणि बोट ठेवून ते गाव कुठं ते बघायच्या. "इथपर्यंत गेली?" असं स्वतःशीच म्हणायच्या. वटारच्या वाडीतून फारसं कुठे न गेलेल्या बाईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसायचं ते मला अजून दिसतं.

सगळंच गोड नव्हतं. एका माणसानं लिहिलं, "सडलेली केळी पाठवली. पैसे वाया." आमच्या नावापुढे लाल खूण आली. त्याला पिवळीधमक केळी हवी होती की काय कोण जाणे. बाजारात असं कुणी बोललं असतं तर आईंनी त्याला समोर बसवून खायला घातलं असतं आणि तो हसत गेला असता. इथं तो माणूस दिसतच नव्हता, आणि त्याचं वाक्य मात्र येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं.

"त्याला लिही, इकडे ये म्हनावं," आई म्हणाल्या.

मी लिहिलं की सुकेळ्यांचा रंग असाच असतो आणि पैसे परत हवे असतील तर देऊ. त्यानं उत्तर दिलं नाही. लाल खूण तशीच राहिली. पुढचे कित्येक दिवस आई जुडी बांधताना प्रत्येक सुकेळं उजेडाकडे धरून बघत होत्या, जणू तो माणूस खांद्यावरून वाकून पाहतोय.

तरी धंदा वाढत गेला. शेजारच्या दोघीजणी मदतीला यायला लागल्या, त्यांच्या हाती चार पैसे आले. आमच्या वाडीतले घड पुरेनात, तेव्हा जवळच्या गिरीज गावच्या वाड्यांतून राजेळी आणायला सुरुवात केली. मी म्हटलं, आता दुकानदाराला माल कशाला द्यायचा? साइटवर दर चांगला मिळतोय. आईंना ते पटलं नाही. दुकानदार एकदा घरी येऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "मावशी, यंदा माझ्या वाट्याला काहीच नाही?" आईंनी त्याला चहा दिला आणि एक टोपली दिली. पहिल्यासारख्या चार नव्हेत, एकच. तो टोपलीकडे बघत राहिला. मग त्यानं दुसरीकडून माल घ्यायला सुरुवात केली, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

ज्या वर्षी आम्ही सगळ्यात जास्त घड आणले, त्याच वर्षी ते घडलं. थंडी नुकती पडायला लागली होती. मुलीनं संगणकावर काहीतरी शोधताना हाक मारली, "आई, आजीचा हात दुसऱ्यांच्या दुकानात आहे."

मी जाऊन बघितलं. कोणी दुसराच विक्रेता, कुठला ते कळायला मार्ग नाही, आमच्या निम्म्या भावात 'अस्सल वसईची सुकेळी' विकत होता. फोटो आमचा. तळहात, हिरव्या बांगड्या, अंगठ्यावरची खूण, मागे आमचा मांडव. खाली लोकांच्या तक्रारी होत्या. केळी साखरेत बुडवलेली आहेत, दगडासारखी कडक आहेत, वसईच्या नावाला काळं फासलं.

सासूबाईंना दाखवलं. त्यांनी पडद्याजवळ आपला हात नेला आणि दोन्ही हात शेजारी शेजारी धरून पाहिले.

"हा माझाच हात," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं तो काय विकतो?"

मी साइटला तक्रार लिहिली. उत्तर लगेच आलं, पण ते कुणी माणसानं लिहिलेलं वाटत नव्हतं. आपला निरोप मिळाला, आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात. मग काही दिवसांनी सकाळी मी साइट उघडली तर आमचंच पान नाही. एका ओळीत कळवलं होतं की दुसऱ्या विक्रेत्याचा फोटो वापरल्यामुळे आमचं खातं बंद केलं आहे. त्यानंही आमच्याविरुद्ध तक्रार केली असणार, आणि तिथं कुणीतरी, किंवा कशानेतरी, त्याचं खरं धरलं होतं.

नवऱ्यानं ऑफिसच्या इंग्रजीत एकामागून एक पत्रं लिहिली. प्रत्येकाला तेच उत्तर. फोन नंबर कुठेच नव्हता. इकडे मांडव भरलेला होता, गिरीजहून आणलेले घड गवतात पिकत होते, आणि पिकलेलं केळं कुणाच्या उत्तरासाठी थांबत नाही. मी हातपाय गाळून बसले. आईंनी मला विचारलं, "त्यांचं हापिस कुठं?"

"मुंबईत एक आहे म्हणतात. अंधेरीला."

"मग जाऊ या."

मी समजावलं की तिथं जाऊन काही होत नसतं, सगळं संगणकावरच चालतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ठेवणीतलं नऊवारी नेसायला आत गेल्या.

काचेची इमारत होती. खाली सुरक्षारक्षकानं अडवलं. कुणाला भेटायचं ते नाव द्या म्हणाला. आमच्याकडे नाव नव्हतं. आई तिथल्या गुळगुळीत फरशीवर पाय जपून टाकत काउंटरपाशी गेल्या आणि तिथल्या मुलीसमोर घडी घातलेला कागद उलगडला. नवऱ्यानं तो फोटो छापून दिला होता. त्यांनी आपला हात त्याच्या शेजारी, काउंटरवर पालथा ठेवला, मग उलटा केला.

"बघ, बाय. हा कुनाचा हात?"

ती मुलगी मराठी होती. आधी तिला काही समजेना. मी सगळं सांगितलं. तिनं फोटोतला अंगठा बघितला, आईंचा अंगठा बघितला, आणि खुर्चीतून उठून उभी राहिली. "आजी, बसा तुम्ही," म्हणाली. वर फोन केला, पुन्हा केला. बऱ्याच वेळानं एक तरुण खाली आला. तो वाईट वागला नाही. फक्त त्याच्या हातात काही नव्हतं. खाती बंद करणारा विभाग दुसऱ्या शहरात होता, त्यांच्याशी तोही फक्त लिहूनच बोलू शकत होता.

"म्हणजे तुम्हीसुद्धा आमच्यासारखेच?" मी विचारलं.

तो ओशाळून हसला. "जवळजवळ तसंच, मॅडम. पण मी लिहितो."

त्यानं आपल्या मोबाइलवर आईंच्या हाताचा फोटो काढून घेतला. आईंनी पिशवीतून एक जुडी काढली, एकेक सुकेळं दोघांच्या हातावर ठेवलं आणि सुरक्षारक्षकालाही दिलं. त्या मुलीनं ते तिथेच खाल्लं आणि म्हणाली, "हे असं असतं?" परत येताना मला वाटलं, आईंचा जीव खट्टू झाला असेल. वाडीत शिरता शिरता म्हणाल्या, "त्या पोरीला आवडलं."

माल तसाच पडून होता. मी दुकानदाराकडे गेले. त्यानं थोडा घेतला, कमी भावानं. फळी दुसऱ्या मालानं भरलेली होती. टाकून बोलला नाही, पण 'मावशींसाठी घेतो' असं मला ऐकू येईल इतक्या स्पष्टपणे म्हणाला. ते मला लागलं. राजस्थानातल्या त्या गोधडीवालीची आठवण झाली. तिचंही पान असं एका सकाळी नाहीसं झालं तर तिनं कुठल्या काउंटरवर हात ठेवायचा?

त्याच आठवड्यात फोन वाजला. जबलपूरहून एक बाई बोलत होत्या. आदल्या दोन्ही हिवाळ्यांत त्यांनी आमच्याकडून मागवलं होतं. यंदा पान सापडेना म्हणून जुन्या खोक्यावर कुरियरसाठी लिहिलेला आमचा नंबर त्यांनी शोधून काढला होता. मराठी बोलत होत्या, पण मध्येच हिंदी येत होती. "सुकेळी बंद केलीत क्या तुम्ही?"

मी घडलेलं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझं माहेर तिकडचंच. आगाशीच्या अलीकडे. लग्न होऊन इकडे आले त्याला जमाना झाला. आई-वडील गेले, भाऊ गाव सोडून गेला. माझ्या घरात सुकेळं म्हणजे काय ते कुणालाच माहीत नाही. तुमच्या सासूबाई आहेत का?"

मी फोन आईंकडे दिला. आई त्यांच्याशी घरच्या बोलीत बोलायला लागल्या. वाडवळी मला ऐकून समजायची, बोलता कधी आली नाही. पलीकडून त्याच बोलीत उत्तर आलं असावं, कारण आई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. कितीतरी वेळ दोघी विहिरीबद्दल, केळीच्या बागांबद्दल, कुणाकुणाच्या घरांबद्दल बोलत होत्या. फोन ठेवल्यावर आई म्हणाल्या, "ती बोलता बोलता थांबते. शब्द शोधते. मग सापडतो."

आईंकडून मला एवढंच कळलं की त्या बाईंच्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, वाण म्हणून सुकेळी देणार, असेल तेवढी पाठवा. आम्ही खरोखरच असेल तेवढी पाठवली. शेजारच्या दोघी, मी, आई, सगळ्या दिवसभर जुड्या बांधत होतो. प्रत्येक जुडीला आईंनी हळदीचं बोट लावलं. त्या एका मागणीनं तो हिवाळा निभावला. हळदीकुंकवाला आलेल्या दोघीतिघींनी नंतर स्वतः फोन करून आणखी मागवली. बाकीचे, ते कोईमतूरचे, शिलाँगचे, पुन्हा कधी भेटले नाहीत. त्यांची नावं त्या बंद पानाबरोबर गेली. ती आमची गिऱ्हाइकं आहेत असं मी समजत होते, पण ती साइटची होती.

पावसाळ्यात, मांडवावर शेवाळ धरलेलं असताना, एक ओळ आली की आमचं खातं पूर्ववत करण्यात आलं आहे. कारण नाही, माफी नाही. त्या अंधेरीच्या तरुणानं लिहिलं म्हणून, की आणखी कशानं, कळलं नाही. दुसऱ्या विक्रेत्याचं पानही दिसेनासं झालं होतं. मला आमचं खातं उघडावंसंच वाटेना. मी आईंना म्हटलं, "नकोच आता. आपला बाजार बरा."

आई विळीवर नारळ खवत होत्या. "उघड," म्हणाल्या. "जबलपूरची कुठून भेटली असती? पन सगळं तिथं नको मांडू."

पुढच्या हंगामात आम्ही तसंच केलं. दुकानदाराच्या टोपल्या आधी बाजूला, फोनवाल्यांच्या जुड्या मग, आणि उरेल ते साइटवर. दुकानदार पहिल्या टोपलीला मोकळेपणानं काही बोलला नाही, पण दुसऱ्या वेळी स्वतःच रिक्षा घेऊन आला. गिरीजहून घड आणणं बंद केलं. काम कमी झालं, झोप शांत लागायला लागली.

आणि त्याच हिवाळ्यात जबलपूरच्या बाई आल्या. मुलीला घेऊन, कुठेतरी लग्नाला आल्या होत्या तिथून वाट वाकडी करून. मला वाटलं होतं त्या आधी आपलं माहेरचं घर बघायला जातील. तिथं आता इमारत उभी होती, ते त्यांना रिक्षातूनच दिसलं होतं. त्या सरळ आमच्या वाडीत आल्या. आईंनी त्यांना ओट्यावर बसायला सांगितलं, पण त्या चपला काढून थेट मांडवाकडे गेल्या. गांधीलमाश्यांनी त्यांची मुलगी मागे सरली. त्या मात्र आईंसारख्याच सरळ हात घालून उभ्या.

मांडवावर तिसऱ्या दिवसाची केळी होती. धड ओली नाहीत, धड वाळलेली नाहीत. त्या अवस्थेत ती कुठेच विकता येत नाहीत. दुकानात नाही, कुरियरनं तर नाहीच, वाटेतच आंबतात. बाईंनी आईंकडे बघितलं. आईंनी एक उचलून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते खाल्लं आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मुलगी विचारत होती, "मम्मी, कैसा है?" त्यांनी तिलाही एक दिलं.

मग दोघी म्हाताऱ्या मांडवाच्या दोन बाजूंना उभ्या राहून केळी उलटायला लागल्या. बोलणं चालूच होतं, त्या बोलीत, इतकं भरभर की निम्मं मला कळत नव्हतं. ऊन उतरेपर्यंत त्या तशाच होत्या. मी चहा केला, तो तिथेच नेऊन दिला.